दहापर्यंत मोजताना



माझं बालपण बडोद्यात गेलं. आमच्या घरी रविवारी दुपारची जेवणं झाली, की सतरंजी अंथरली जायची आणि मेंढीकोटाचा डाव मांडला जायचा. चार जण लागायचे. आई, काका, आजी आणि चौथी मी. आजीची जोडीदार मी असायचे, आणि ती शिक्षाच होती. डाव ऐन रंगात आला की ती मान वर न करता विचारायची, "हुकमाची किती गेली गं?" उत्तर बरोबर आलं तर काही बोलायची नाही. चुकलं तर हातातली पानं पालथी ठेवायची आणि माझ्याकडे नुसती बघायची. तिची ती नजर मला अजून आठवते. आज मी ज्या खेळाबद्दल बोलणार आहे तो आजीनं कधी पाहिला नाही, पण त्यात मी जे काही करते ते त्या सतरंजीवरच शिकले, असं मला अलीकडे वाटायला लागलंय.

खेळाचं नाव मॅजिक : द गॅदरिंग. ऐकणाऱ्यांपैकी काही जण खेळत असतील, बऱ्याच जणांनी नावही ऐकलं नसेल. म्हणून दोन मिनिटांत सांगते. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं हा खेळ तयार केला. त्यातली कल्पना अशी, की पत्त्यांचा जोड सगळ्यांना सारखा नसतो. प्रत्येकानं आपापला जोड घरून बांधून आणायचा. त्याला डेक म्हणतात. डेकमध्ये निदान ६० कार्डं लागतात, आणि साध्या जमिनी सोडल्या तर एकाच नावाची चारपेक्षा जास्त चालत नाहीत. दोघे खेळाडू २० आयुष्यांवर सुरुवात करतात. ज्याचं आयुष्य शून्यावर येतं तो हरतो. कार्ड खेळायला माना नावाचं इंधन लागतं. ते जमिनींमधून मिळतं, आणि एका पाळीत एकच जमीन मांडता येते. म्हणजे पहिल्या पाळीत एक माना, दुसऱ्या पाळीत दोन, तिसऱ्या पाळीत तीन. गाडी हळूहळू वेग घेते.

बहुतेक लोक हा खेळ कसा खेळतात? जमीन मांडतात, मग एखादा सैनिक, एखादा राक्षस मांडतात, आणि त्याला हल्ल्याला पाठवतात. समोरचा अडवतो, उलटा मारतो. कुस्तीच आहे ती. दोघेही सतत काहीतरी करत असतात.

मी खेळते तो प्रकार वेगळा आहे. माझ्या डेकमध्ये एकही सैनिक नाही. पहिल्या दोन-तीन पाळ्या मी काहीच करत नाही असं वाटतं. चार पानं बघायची, दोन खाली ठेवायची, एवढंच. आणि मग एका पाळीत मी एकामागून एक आठ, नऊ, दहा मंत्र टाकते आणि खेळ तिथेच संपतो. किंवा मी संपते. मधलं काही नसतं.

या प्रकाराला स्टॉर्म म्हणतात. स्टॉर्म म्हणजे वादळ. २००३ साली स्कर्ज नावाचा कार्डांचा संच निघाला, त्यात हा नियम पहिल्यांदा आला. नियम एका वाक्याचा आहे : हा मंत्र टाकला की, या पाळीत त्याच्या आधी जितके मंत्र टाकले गेले तितक्या त्याच्या प्रती करा. वाचायला निरुपद्रवी वाटतं. माझ्या डेकचा शेवटचा मंत्र आहे टेंड्रिल्स ऑफ अ‍ॅगनी. त्याला चार माना लागतात, आणि तो समोरच्याची दोन आयुष्यं घेऊन मला देतो. चार मानांत दोन आयुष्यं म्हणजे अगदीच महाग सौदा. पण त्याच्या आधी नऊ मंत्र झाले असतील तर नऊ प्रती आणि एक मूळ, असे दहा होतात. दहा दुणे वीस. खेळ खलास.

आणि यातली खरी खोच अशी, की समोरच्यानं मूळ टेंड्रिल्स रद्द केला तरी प्रती तशाच राहतात. बहुतेक वेळा एका कार्डानं एकच मंत्र अडवता येतो, इथे तर दहा उभे असतात. मॅजिकचे मुख्य रचनाकार मार्क रोझवॉटर यांनी एक मोजपट्टी केली आहे. एखादा जुना नियम नव्या संचांमध्ये परत येण्याची शक्यता किती, ते ती पट्टी एक ते दहा आकड्यांत सांगते. दहा म्हणजे जवळजवळ कधीच नाही. त्या पट्टीचं नावच स्टॉर्म स्केल आहे, आणि स्टॉर्मचा स्वतःचा आकडा दहा. या नियमापायी कार्डांवर बंदीही आली. २०१३च्या जानेवारीत मॉडर्न या प्रकारात सीथिंग साँग हे माना देणारं कार्ड बंद झालं, आणि त्याच वेळी पॉपर या स्वस्त कार्डांच्या प्रकारात ग्रेपशॉट आणि एम्प्टी द वॉरन्स ही दोन स्टॉर्मची कार्डं बंद झाली. ज्यांनी हा नियम केला त्यांनाच त्याचा धसका बसलाय.

आता तुम्ही म्हणाल, एका पाळीत दहा मंत्र टाकायला इंधन कुठून येतं? जमिनी तर दोनच आहेत. इथे माझ्या डेकची बाकीची कार्डं येतात. डार्क रिच्युअल : एक माना द्या, तीन घ्या. कबाल रिच्युअल : दोन द्या, तीन घ्या. लोटस पेटल : फुकट मांडा, नंतर मोडून एक माना घ्या. ही कार्डं एकेकटी काहीच करत नाहीत. आज चार आणे जास्त मिळतात, उद्यासाठी काही उरत नाही. पण ती मंत्र म्हणून मोजली जातात. वाढलेलं इंधन आणि वाढलेला आकडा, दोन्ही एकाच वेळी हातात येतात.

या सगळ्यांत एक कार्ड विचित्र आहे. लायन्स आय डायमंड. हेही फुकट मांडता येतं, आणि मोडलं की एकदम तीन माना देतं. पण अट अशी, की मोडताना हातातली सगळी पानं टाकून द्यावी लागतात. इंधन मिळालं, पण जाळायला हातात काही उरलं नाही. १९९६ साली हे कार्ड आलं तेव्हा कोणाला त्याचा उपयोग दिसेना. आज ते पुन्हा न छापण्याच्या यादीत आहे आणि त्याची किंमत माझ्यासारखीला झेपणारी नाही. बंगळूरमध्ये आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी खेळतो तेव्हा कागदावर छापलेल्या प्रॉक्सी वापरतो, साध्या कार्डापुढे चिठ्ठी सरकवून. अधिकृत स्पर्धेत ते चालत नाही. आमच्या टेबलावर चालतं.

तर हिऱ्याला जोडीदार लागतो. तो म्हणजे इन्फर्नल ट्यूटर. दोन मानांचा हा मंत्र म्हणतो, की हातातलं एक पान दाखव आणि डेकमधून त्याच नावाचं दुसरं काढ. पण हातात एकही पान नसेल, तर डेकमधून हवं ते कोणतंही काढ. आता बघा : मी ट्यूटर टाकते. तो अजून पूर्ण झालेला नाही. मॅजिकमध्ये मंत्र ताटांच्या चवडीसारखे रचले जातात, वरचं आधी उचललं जातं. ट्यूटर चवडीत असतानाच मी हिरा मोडते. हात रिकामा होतो, तीन माना येतात. आणि मग ट्यूटर पूर्ण होताना बघतो, तर हातात पान नाही. हवं ते काढा.

ज्या दिवशी मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी झोप लागली नाही. जे कार्ड हात रिकामा करतं आणि ज्याला रिकामाच हात हवा, अशी ही दोन कार्डं वेगवेगळ्या संचांत, दहा वर्षांच्या अंतरानं निघाली. त्यांची गाठ खेळणाऱ्यांनी घातली.

आता एक खरा हात सांगते. कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

पहिली पाळी माझी होती. आता माझी दुसरी पाळी चालू आहे. दोन साध्या जमिनी मांडून झाल्या. हातात सहा पानं : पेटल, हिरा, डार्क रिच्युअल, कबाल रिच्युअल, ट्यूटर, आणि नुकतंच उचललेलं ड्युरेस. ड्युरेस हा एका मानाचा मंत्र आहे. तो टाकला की समोरच्याचा हात बघायचा, आणि जमीन किंवा सैनिक नसलेलं एक पान टाकून द्यायला लावायचं. समोरच्याचं आयुष्य २०.

पेटल टाकलं. मंत्र एक, माना शून्य. हिरा टाकला. मंत्र दोन, माना शून्य. एका जमिनीतून एक माना काढून डार्क रिच्युअल. मंत्र तीन, माना तीन. कबाल रिच्युअल, दोन गेल्या, तीन आल्या. मंत्र चार, माना चार. ट्यूटर, दोन गेल्या. मंत्र पाच, माना दोन. ट्यूटर चवडीत असताना हिरा मोडला, लाल रंगाच्या तीन माना घेतल्या. माना पाच. हातातलं ड्युरेस टाकून द्यावं लागलं, हात रिकामा. ट्यूटरनं डेकमधून काढलं पास्ट इन फ्लेम्स. हा चार मानांचा मंत्र आहे आणि त्यातली एक लाल लागते, म्हणून हिऱ्यातून लाल घेतल्या. तो काय करतो? कब्रस्तानात, म्हणजे टाकलेल्या पानांच्या ढिगात पडलेले माझे मंत्र त्या पाळीपुरते एकेकदा पुन्हा वापरू देतो. तो टाकला. मंत्र सहा, माना एक.

आता तीच शिडी दुसऱ्यांदा चढायची. डार्क रिच्युअल पुन्हा. मंत्र सात, माना तीन. कबाल पुन्हा. मंत्र आठ, माना चार. ढिगात सात पानं असती तर कबाल तीनऐवजी पाच माना देतं, पण तितकी इथे नाहीत. ट्यूटर पुन्हा. मंत्र नऊ, माना दोन. हात रिकामाच आहे, म्हणून हवं ते पान : टेंड्रिल्स. उरलेली जमीन एक माना, पेटल मोडून एक माना. चार. टेंड्रिल्स. मंत्र दहा, माना शून्य.

दहा दुणे वीस.

एकही माना जास्त नाही, एकही मंत्र जास्त नाही. हिशोब असा जुळला की अंगावर काटा येतो. आणि तिथेच माणूस फसतो. हिशोब जुळला म्हणजे वेळ आली असं नाही.

कारण समोरचा निळा डेक खेळतोय. निळ्याकडे फोर्स ऑफ विल असतं. एक आयुष्य आणि हातातलं दुसरं निळं पान दिलं की ते फुकट टाकता येतं, आणि माझा मंत्र रद्द होतो. त्याच्या जमिनी मोकळ्या आहेत की नाहीत हे बघून काही कळत नाही. आणि मारायची जागा ठरलेली आहे : ट्यूटर टाकला, हिरा मोडला, हात रिकामा झाला, आता ट्यूटर रद्द. माझ्यापुढे दोन जमिनी आणि एक पेटल. पुढच्या तीन-चार पाळ्या मी नुसती बसून असते.

मग आधी ड्युरेस टाकून हात का बघू नये? कारण एक माना ड्युरेसला गेला की शेवटी चारऐवजी तीनच उरतात. टेंड्रिल्स हातात, आणि एक माना कमी. म्हणजे प्रश्न असा : आत्ता आंधळी उडी मारायची, की आज ड्युरेस टाकून त्याचा हात बघायचा, फोर्स काढून टाकायचं, आणि पुढच्या पाळीत त्याच दोन जमिनींवर हीच शिडी चढायची?

मी त्या दिवशी उडी मारली. समोर माझा मित्र होता, बंगळूरचाच, कानडी. त्यानं ट्यूटरपर्यंत काही केलं नाही. हिरा मोडेपर्यंत थांबला आणि मग फोर्स ठेवलं. नंतर म्हणाला, "तू पहिल्या रिच्युअलला हात घातलास तेव्हाच मला कळलं होतं. पण तुला पूर्ण वर चढू दिलं."

घरी येऊन मी हिशोब केला, जो टेबलावर करायला हवा होता. ६० कार्डांत चार फोर्स. समोरच्यानं तोवर आठ पानं पाहिलेली : सुरुवातीची सात आणि त्याच्या पाळीची एक. आठांत निदान एक फोर्स असण्याची शक्यता जवळपास ४४ टक्के. सोबत दुसरं निळं पान लागतं, म्हणून थोडी कमी धरा. म्हणजे मी जवळजवळ नाणं उडवलं होतं.

आणि थांबले असते तर? ड्युरेसनं हात दिसला असता. हातात फोर्स नसेल, तर त्याला पुढच्या पाळीत ते ओढून आणावं लागलं असतं. उरलेल्या ५२ कार्डांत चार, एका पानाला जेमतेम ८ टक्के. त्यानं ब्रेनस्टॉर्म टाकून आणखी तीन पानं बघितली असती तर चार पानांत २८ टक्के. तरीही ४४पेक्षा कमीच. फोर्स एकच असतं तर मी ते काढून टाकलं असतं. दोन असती तर मला निदान कळलं असतं आणि मी गप्प बसले असते. आणि त्यानं ड्युरेसवरच फोर्स मारलं असतं तरी माझं काय गेलं असतं? एक माना. त्याची मात्र दोन पानं गेली असती.

पण यावरून "नेहमी थांबावं" असा धडा घेऊ नका. समोर लाल रंगाचा, पाळीगणिक चार-पाच आयुष्यं खाणारा डेक असेल, तर त्याच्याकडे फोर्स नाहीच, आणि थांबलेली प्रत्येक पाळी माझ्या जिवावर उठते. तिथे ड्युरेस हातात धरून बसणं हा भित्रेपणा. आणि समोरचा असं काही मांडणार असेल, की एका पाळीत एकच मंत्र टाकता येईल, तर ते मांडायच्या आत निघायला हवं. म्हणून प्रश्न "माझं जुळलंय का?" एवढाच नसतो. "आणखी एक पाळी कोणाच्या फायद्याची आहे?" हा खरा प्रश्न. हा डेक शिकायला मला वर्ष लागलं असं मी म्हणते, पण शिडी चढायला पंधरा दिवसांत आली होती. उरलेलं सगळं वर्ष या एका प्रश्नाचं होतं.

सरावाची पद्धत सांगते, कोणाला शिकायचं असेल तर. डेक पिसा, सात पानं घ्या, समोर कोणी नाही असं धरून खेळा. याला गोल्डफिशिंग म्हणतात. समोर काचेच्या भांड्यातला मासा बसलाय, तो नुसता बघतो. दर वेळी लिहून ठेवा : कितव्या पाळीत जमलं, कुठे अडलं, इंधन कमी पडलं की मंत्र. पन्नास डाव झाले की हात आपोआप चालतो. मग दुसरा टप्पा : माशाच्या हाताशी एक काल्पनिक फोर्स द्या आणि स्वतःला विचारा, तो ते कुठे मारेल? तुमच्या शिडीची सर्वांत नाजूक पायरी तुम्हाला त्याच्या डोळ्यांनी दिसायला लागते. मी हे पोळ्या झाल्यावर ओट्यापाशी उभी राहूनही केलंय.

आता या प्रकारावर जो मुख्य आक्षेप आहे त्याकडे येते. लोक म्हणतात, हा खेळ नाही, एकटीनं मांडलेला पेशन्स आहे. समोरचा बिचारा दहा मिनिटं बसून बघतो. तुम्ही पुटपुटता, पानं उलटता, पुन्हा मोजता, आणि शेवटी म्हणता, "मेलास." आमच्या ग्रुपमध्ये एक काळ असा आला की मी डेक बाहेर काढला की लोक चहाला उठायचे. मी ते हसण्यावारी न्यायचे. हरल्याचा राग आहे, म्हणायचे.

मग एक गोष्ट घडली. ती सांगायलाच मी आज इथे आले आहे.

एका दुकानात सुट्टीच्या दिवशी छोटी स्पर्धा होती, प्रॉक्सी चालणारी, पंधरा-वीस जणांची. शेवटून दुसऱ्या फेरीत माझ्यासमोर अकरावीतला एक मुलगा आला. मला "अक्का" म्हणणारा, तिथल्या पद्धतीनं. तिसरा, निर्णायक डाव. मी शिडी चढायला लागले. वेळ थोडा उरला होता, म्हणून भराभर. शेवटी टेंड्रिल्स ठेवला आणि म्हणाले, "दहा. वीस." त्यानं मान डोलावली, हात पुढे केला, कार्डं गोळा केली. मी पुढच्या फेरीत गेले. तिथे हरले, ते सोडा.

परतताना मेट्रोत बसून मी तो डाव मनात पुन्हा खेळत होते. ती माझी सवय आहे. आणि नवव्या पायरीवर पाय अडखळला. पेटल टाकलं तेव्हा मी एक मोजला होता. मग पेटल मोडून माना घेतली, तेव्हा पुन्हा एक मोजला होता. मोडणं म्हणजे मंत्र टाकणं नव्हे. ते मोजायचं नसतं. दहा नव्हते, नऊ होते. नऊ दुणे अठरा. त्याचं आयुष्य २०. तो दोन आयुष्यांवर जिवंत होता, माझा हात रिकामा होता, आणि त्याच्या समोर दोन सैनिक हल्ल्याला तयार उभे होते. टेंड्रिल्सनं माझं आयुष्य वाढलं असतं, म्हणजे तो लगेच जिंकला असता असं नाही. पण डाव चालू होता. तो मी संपवला होता, चुकीचा आकडा सांगून.

मी मुद्दाम केलं नव्हतं. पण मेट्रोत बसून स्वतःला हे सांगताना बरं वाटत नव्हतं. कारण एक गोष्ट खरी होती : चूक माझ्या फायद्याची होती, म्हणून ती मला टेबलावर दिसली नाही. एक कमी मोजला असता तर मी तीन वेळा पुन्हा मोजलं असतं.

पुढच्या आठवड्यात मी दुकानात गेले, त्याला शोधला, आणि सांगितलं. स्पर्धा होऊन गेली होती, निकाल बदलणार नव्हता. बक्षीस म्हणून मिळालेलं कार्डांचं एक पाकीट न फोडता त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं ते घेतलं नाही. थोडा वेळ काही बोलला नाही, आणि मग जे म्हणाला ते मी विसरणार नाही. म्हणाला, "अक्का, तुम्ही इतकं मनात मोजत होता की मी मोजायचं सोडूनच दिलं. मला वाटलं, माझं इथे काही काम नाही."

माझं इथे काही काम नाही. पेशन्स म्हणणाऱ्या लोकांना हेच म्हणायचं होतं. ते हरल्याच्या रागानं उठत नव्हते. त्यांना टेबलावर जागाच उरली नव्हती. मी त्यांच्याशी खेळत नव्हते, त्यांच्यासमोर खेळत होते.

त्या दिवसापासून मी तीन गोष्टी करते, आणि हा डेक खेळणाऱ्या प्रत्येकाला त्या करायला सांगते. पहिली : मोठ्यानं मोजायचं. प्रत्येक मंत्राला आकडा आणि उरलेली माना, "चार, माना चार", समोरच्याला ऐकू जाईल असं. दुसरी : टेबलाच्या मधोमध एक फासा ठेवायचा, वीस बाजूंचा, दोघांना दिसेल असा. मंत्र टाकला की तो फिरवायचा. टाकलेला मंत्र एका ओळीत ठेवायचा आणि मोडलेली वस्तू वेगळी, बाजूला. म्हणजे शंका आली तर ओळ मोजता येते. तिसरी : प्रत्येक मंत्रानंतर क्षणभर थांबायचं, समोरच्याकडे बघायचं आणि विचारायचं, "चालेल?" नियमानं तो त्याचा हक्क आहेच. पण विचारल्यावर तो हक्क त्याला जाणवतो.

तुम्हाला वाटेल यात वेळ जातो. उलट वाचतो. मनात मोजणारी मी दर दोन मंत्रांनी मागे जाऊन पुन्हा मोजायचे. आता जात नाही. आणि एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. मोठ्यानं मोजायला लागल्यावर समोरचे लोक पुढे झुकायला लागले. "आता तुला एक लाल कमी पडेल," असं कोणी म्हणतं. "थांब, मी इथे फोर्स मारू का पुढे मारू?" असं कोणी स्वतःशीच मोठ्यानं बोलतं. तोच डेक, तीच दहा मिनिटं, पण आता दोघं मिळून एकच हिशोब सोडवतोय. त्याला चूक शोधायची आहे, मला ती होऊ द्यायची नाही. यालाच खेळ म्हणतात. चहाला उठणारे आता कप टेबलावर आणून बसतात.

तो मुलगाही आमच्याकडे येतो. गेल्या महिन्यात त्यानं माझाच डेक मागून घेतला आणि माझ्यासमोर खेळला. सातव्या मंत्रावर थांबला, ओळ मोजली, आणि म्हणाला, "अक्का, मला वाटलं आठ, पण सातच आहेत. एक कमी पडतोय." आणि पानं खाली ठेवली. ते मला दिसलं नव्हतं. त्यानं नुसतं रेटलं असतं तर मी कदाचित हात पुढे केला असता.

आजी असती तर त्याच्याकडे बघून काही बोलली नसती. तिच्याकडून तेवढी शाबासकी पुष्कळ होती. हुकमाची किती गेली, हे ती जिंकण्यासाठी विचारते असं मला लहानपणी वाटायचं. आता वाटतं, चौघांनी मिळून एक डाव खेळायचा तर आकडा चौघांच्या डोक्यात एकच असायला हवा, एवढंच तिला हवं होतं.

वादळ उठवायचं असेल तर जरूर उठवा. फक्त समोरच्याला ऐकू येईल असं मोजा.